नातवंडांच्या उशाशी असलेले पुस्तक

या स्तंभाच्या पत्त्यावर येणाऱ्या पत्रांत गुडघेदुखी, अपुरी झोप आणि रक्तदाब यांचाच भरणा अधिक असतो. गेल्या पंधरवड्यात साताऱ्याच्या एका आजींचे पत्र आले ते मात्र निराळे. त्यांचा नातू पुण्यात वसतिगृहात राहून अभियांत्रिकी शिकतो. सुटीत घरी आला तेव्हा त्याच्या उशाशी एक जाड इंग्रजी पुस्तक दिसले. विषय मनाच्या आजाराचा. लेखक डॉक्टर नाही, मानसशास्त्रज्ञ नाही; यूट्यूबवर विनोदी चित्रफिती करून नावारूपाला आलेला एक इंग्रज तरुण. आजी लिहितात, "ताप आला तरी मला विचारल्याशिवाय गोळी न घेणारा हा मुलगा. त्याला आता मनाचे औषध हा परका पोरगा सांगणार काय? मी ते पुस्तक कपाटात ठेवून द्यावे असे मनात येते. आपण काय सांगता?"

पुस्तकाचे नाव त्यांनी मुखपृष्ठावरून अक्षर अक्षर उतरवून देवनागरीत लिहिले आहे : 'यू विल गेट थ्रू धिस नाइट'. म्हणजे, ही रात्र तू पार करशील. ते वाचून मी थोडा वेळ पत्र हातात धरून बसलो. हे पुस्तक माझ्याही घरात आहे. आजींनी विचारलेला प्रश्न मीही विचारला होता, आणि त्यांच्याइतक्या सौजन्याने विचारला नव्हता.

आधी या लेखकाविषयी. डॅनियल हॉवेल हे त्याचे नाव. जन्म १९९१ चा, इंग्लंडमधील बर्कशायर परगण्यातला. विद्यापीठात कायद्याचा अभ्यास अर्ध्यावर सोडलेला हा मुलगा २००९ पासून यूट्यूबवर स्वतःच्या फजितीचे किस्से सांगू लागला. 'डॅन इज नॉट ऑन फायर' असे विचित्र नाव त्याने धारण केले होते. फिल लेस्टर या मित्रासमवेत त्याने बीबीसी रेडिओवर कार्यक्रम केले, दोन पुस्तके काढली, देशोदेशी रंगमंचावर प्रयोग केले. एके काळी त्याच्या वाहिनीचे सदस्य साठ लाखांहून अधिक होते. त्यांत मोठा भरणा शाळा-महाविद्यालयांतील मुलामुलींचा.

मग ऑक्टोबर २०१७ मध्ये या हसवणाऱ्या मुलाने एका चित्रफितीत सांगितले की आपल्याला नैराश्याचा आजार आहे, आपण औषधे घेतली आहेत, उपचार घेतले आहेत. त्याच वर्षी तो तरुणांच्या मानसिक आरोग्यासाठी झटणाऱ्या 'यंग माइंड्स' या ब्रिटिश संस्थेचा सदिच्छादूत झाला. जून २०१९ मध्ये, वर्षभराच्या मौनानंतर, आपण समलिंगी असल्याचे त्याने जाहीर केले. शालेय वयात सोसलेला छळ आणि त्यातून आलेली टोकाची निराशा यांविषयीही तो मोकळेपणाने बोलला. आणि मे २०२१ मध्ये हे पुस्तक आले. ते लिहिताना त्याने एका मानसशास्त्रज्ञ महिलेचे साहाय्य घेतले आहे आणि तसे पुस्तकात स्पष्ट नोंदवले आहे.

माझी नात त्या वेळी बारावीत होती. पुस्तकाची घोषणा झाल्यापासून ती आणि तिच्या दोन मैत्रिणी, एक डोंबिवलीची आणि दुसरी मस्कतला वाढलेली मराठी मुलगी, त्याची वाट पाहत होत्या. त्यांची बोलणी आमच्या सज्जात, भ्रमणध्वनी मोठ्या आवाजावर ठेवून चालत. त्यामुळे माझ्या कानावर पडत. (म्हाताऱ्या माणसांना ऐकू येत नाही, या तरुणांच्या समजुतीचा मला आयुष्यात पुष्कळ लाभ झाला आहे.) डोंबिवलीच्या मुलीची अपेक्षा अशी की त्याने स्वतःची हकीगत संपूर्ण सांगावी, चित्रफितीत जे हसण्यावारी नेले, ते पुस्तकात नेऊ नये. मस्कतच्या मुलीला हकीगतीत फार रस नव्हता. परीक्षेच्या आदल्या रात्री छाती धडधडते, हात गार पडतात, त्या वेळी नेमके काय करायचे ते तिला हवे होते. "नुसतं 'पॉझिटिव्ह राहा' असं लिहिलं असेल तर मी पुस्तक फेकून देईन," असे तिने बजावले होते. आणि तिघींनाही एक धास्ती होती : प्रसिद्ध माणसांच्या नावावर खपणारी, छायाचित्रांनी भरलेली, आतून पोकळ पुस्तके असतात, तसेच हेही निघाले तर? अकरा-बारा वर्षे ज्याच्यावर विश्वास टाकला, त्याने आपल्या दुखण्याचा बाजार मांडला तर?

ही धास्ती मला फार शहाणपणाची वाटली होती. आपण समजतो तितकी ही मुले भाबडी नसतात.

माझ्या नातीची अपेक्षा काय, ते मला तेव्हा कळले नाही, कारण मी विचारलेच नाही. उलट एकदा रात्रीच्या जेवणाच्या वेळी मी म्हणालो, "विदूषकाने वैद्यकी करू नये." चाळीस वर्षे दवाखाना चालवल्याचा ताठा त्या वाक्यात होता. नात शांतपणे म्हणाली, "आबा, तो औषध सांगणार नाहीये. त्याला काय झालं होतं, ते सांगणार आहे." आणि उठून गेली.

वाचकहो, तिचे म्हणणे समजून घ्यायचे तर आपल्याला आपल्याच तरुणपणाकडे जावे लागेल. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरची 'पुन्हा प्रपंच' ही मालिका आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. टेकाडे भावजी, मीनावहिनी, पंत. प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर यांचे ते आवाज. ही माणसे आपण पाहिली नव्हती, त्यांनी आपल्याला पाहिले नव्हते. तरी ती आपल्या घरातली होती. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९५६ मध्येच या नात्याचे वर्णन करून ठेवले आहे : रेडिओ-दूरचित्रवाणीवरचा माणूस आपल्याशीच बोलतो आहे असे श्रोत्याला वाटते, ओळख वाढत जाते, जिव्हाळा जडतो; मात्र तो जिव्हाळा एकाच बाजूने वाहत असतो. त्या माणसाला आपण ठाऊक नसतो.

आता कल्पना करा की एके दिवशी टेकाडे भावजी नेहमीची थट्टा थांबवून म्हणाले असते, "आज मला बोलवत नाही. गेली काही वर्षे मला सकाळी उठावेसेच वाटत नाही." आपण काय केले असते? महाराष्ट्रातल्या किती स्वयंपाकघरांत कोणी तरी हातातले काम टाकून रेडिओजवळ येऊन बसले असते आणि मनात म्हणाले असते, मलाही. नेमके हेच दुखणे मलाही. फक्त ते असे बोलता येते हे ठाऊक नव्हते.

त्या मुलींची खरी अपेक्षा या ठिकाणी आहे. त्यांना औषधाची चिठ्ठी नको होती. ज्या आवाजाशी ओळख आहे, त्या आवाजाकडून स्वतःच्या दुखण्याला शब्द हवे होते. डॉक्टर शब्द देतो तो रोगाचा. तो आवश्यक असतो, पण तो पांघरून कोणी घरात वावरू शकत नाही. "मला नैराश्य आहे" असे आईला सांगणे सतरा वर्षांच्या मुलीला जड जाते. "डॅनच्या पुस्तकात लिहिलंय ना, तसं मला होतं," हे सांगणे त्यामानाने सोपे.

आणि घरात शब्द नसले म्हणजे काय होते, ते मी पुरेपूर पाहिले आहे. त्यात माझा वाटाही आहे. दवाखान्यात बायका येत. अंग दुखते, डोके जड होते, जेवण जात नाही, काही करावेसे वाटत नाही. तपासणीत काही सापडत नसे. मी "अशक्तपणा आहे" म्हणून बी-कॉम्प्लेक्सचे इंजेक्शन देई. त्याही समाधानाने जात, कारण अशक्तपणा हा घरात सांगता येणारा आजार होता. त्यांतल्या किती जणींना खरे तर नैराश्य होते, याचा हिशेब आता कोण करणार? वृद्धांच्या बाबतीत तर हे आणखी अवघड. उतारवयातले नैराश्य पुष्कळदा उदासपणाच्या रूपात समोर येतच नाही. ते अंगदुखी म्हणून येते, बद्धकोष्ठ म्हणून येते, चिडचिड किंवा विसराळूपणा म्हणून येते, आणि घरचे म्हणतात, "वय झालं, चालायचंच."

हे सारे मला ठाऊक होते. म्हणजे पुस्तकी ठाऊक होते.

एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, माझी पत्नी गेली. रुग्णालयात दहा दिवस होती. त्या दिवसांविषयी मी येथे लिहिणार नाही. त्यानंतर घरात प्रत्येक जण आपापल्या कोपऱ्यात गेला. नातीची बारावीची परीक्षा आधी पुढे ढकलली गेली आणि जूनच्या आरंभी रद्दच झाली. तिची पुस्तकाची मागणी कधीच नोंदवलेली होती; परंतु त्या निर्बंधांच्या काळात राज्यात घरपोच सेवेला अत्यावश्यक वस्तूंपुरतीच मुभा होती आणि पुस्तक ही अत्यावश्यक वस्तू नव्हती. निर्बंध सैल झाल्यावर, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, ते आले. सॅनिटायझर फवारून आम्ही ते पाकीट एक दिवस उन्हात ठेवले होते, हे आता आठवले की हसू येते.

त्या सुमारास मला रोज रात्री अडीचच्या आसपास जाग येई. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकी आणि बहुतेक वेळा तो न पिताच ओतून देई. एका रात्री नात दारात येऊन उभी राहिली. हातात ते पुस्तक. म्हणाली, "आबा, तुम्ही रोज अडीचला उठता. मी ऐकते." मी म्हणालो, "म्हणजे तूही जागीच असतेस." त्यावर ती काही बोलली नाही. ओट्याला टेकून तिने पुस्तक उघडले आणि वाचू लागली. वाचता वाचता मला अडेल तेथे मराठीत सांगू लागली.

पुस्तकाचे तीन भाग आहेत. पहिला 'ही रात्र' : अत्यंत कठीण क्षणी, आत्ता या घटकेला काय करावे. दुसरा 'उद्या' : विचारांत आणि वागण्यात करता येतील असे लहान बदल. तिसरा 'त्यानंतरचे दिवस' : पुढच्या काळात स्वतःला कसे सांभाळावे. हा क्रम मला वैद्य म्हणून आवडला. जखमी माणसाला आपण आधी रक्तस्राव थांबवून देतो, आहाराविषयी मग बोलतो. मनाच्या बाबतीत मात्र उपदेशाची सुरुवात बहुधा व्यायामापासून होते. रात्री अडीच वाजता ओट्याशी उभ्या असलेल्या माणसाला "सकाळी फिरायला जात जा" हे सांगून काय उपयोग?

खरे सांगायचे तर पुस्तकात मला माहीत नसलेले असे फार थोडे निघाले. श्वासाकडे लक्ष देणे, आपला विचार म्हणजे वस्तुस्थिती नव्हे हे ओळखणे, झोप, हालचाल, माणसांशी बोलणे, गरज पडल्यास तज्ज्ञाकडे जाणे. विचार तपासून पाहण्याची ही रीत इंग्रजी वाचकांपुढे लोकप्रिय स्वरूपात मांडणारे डेव्हिड बर्न्स यांचे 'फीलिंग गुड' १९८० मधले आहे, आणि आपल्याकडे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी मराठीतून हा विषय घरोघर नेला आहे. डॅनच्या पुस्तकात थट्टा पदोपदी आहे. काही ठिकाणी ती मला अति वाटली. आपली घरे, एका खोलीत निजणारी तीन पिढ्यांची माणसे, दुखणाइताची सेवा करता करता स्वतः खचलेली सून, यांची त्या लंडनी जगाला ओळख नाही. असणारही कशी?

पण त्या रात्री पुस्तकातले नवेपण मोजायला मी बसलो नव्हतो. माझी नात मला वाचून दाखवत होती आणि मधूनच थांबून म्हणत होती, "आबा, हे असंच होतं हां." 'हे असंच होतं.' कोणाला होते, हे तिने सांगितले नाही आणि पहिल्यांदाच मला विचारायचे धाडस झाले नाही. दुसऱ्या दिवशी विचारले. आजी गेल्यापासून नव्हे, त्याच्याही आधीपासून, दहावीनंतरच्या सुटीपासून तिला असे होत होते. दोन वर्षे. डॉक्टरच्या घरात.

पुढे आम्ही दोघेही माझ्या एका मानसोपचारतज्ज्ञ स्नेह्यांकडे गेलो. दुःख हा आजार नव्हे, हे मी आवर्जून सांगतो. पन्नास वर्षांची सोबत संपल्यावर रडू येणारच, त्याला गोळी नसते. परंतु माझे वजन दोन महिन्यांत सहा किलो उतरले होते आणि जगण्यातला रस इतका आटला होता की ते निव्वळ दुःख राहिले नव्हते. मला काही महिने औषध घ्यावे लागले. नातीला औषध लागले नाही. समुपदेशनाची काही सत्रे झाली. पुस्तक मात्र तिने त्या काळात दोनदा वाचले, समासात पेन्सिलीच्या खुणा करून.

या ठिकाणी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. स्वयंमदतीच्या पुस्तकांचा उपयोग होतो, हे आता निव्वळ मत राहिलेले नाही. इंग्लंडमध्ये २०१३ पासून अशी योजना चालू आहे की आरोग्यक्षेत्रातील जाणकारांनी निवडलेली पुस्तके सार्वजनिक ग्रंथालयांत ठेवलेली असतात आणि डॉक्टर रुग्णाला ती वाचायला सुचवतात. तेथील उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या 'नाइस' या संस्थेने २०२२ मध्ये सौम्य नैराश्यासाठीच्या उपचारांत स्वयंमदतीला स्थान दिले आहे. पण त्यात एक शब्द महत्त्वाचा आहे : मार्गदर्शनासह. म्हणजे पुस्तक वाचणाऱ्याशी कोणी जाणकार ठरावीक काळाने बोलतो, कुठवर आलात, काय जमले, काय जमले नाही, हे विचारतो. एकट्याने वाचलेल्या पुस्तकापेक्षा असे वाचलेले पुस्तक अधिक गुण देते. आपल्या घरांत तो जाणकार प्रत्येकाला कुठून मिळणार? पण 'कुठवर आलास?' हे विचारायला पदवी लागत नाही. आजीला ते विचारता येते.

चाहत्यांच्या अपेक्षांतली एक अपेक्षा मात्र मला धोक्याची वाटते, आणि तिच्याविषयी मुलांशी बोलावे असे मी सुचवीन. ज्याने 'ही रात्र तू पार करशील' असे लिहिले, तो स्वतः कायमचा पार झालेला असला पाहिजे, अशी ती अपेक्षा. मे २०२२ मध्ये, म्हणजे पुस्तक निघून वर्षही होत नाही तोच, डॅनने एक दीर्घ चित्रफीत काढून आपण यूट्यूब का सोडले ते सांगितले. त्या व्यवसायाने आलेला थकवा, सतत दिसत राहण्याचे ओझे, हे सारे त्यात होते. पुढे तो रंगमंचावर परतला, २०२३ मध्ये मित्रासमवेत पुन्हा यूट्यूबवरही आला. माझ्या नातीची मस्कतची मैत्रीण ती चित्रफीत पाहून अस्वस्थ झाली होती. "त्यालाच जमलं नाही, तर मला काय जमणार?" असे तिचे म्हणणे.

तिला नातीने काय सांगितले ते मला माहीत नाही. मी असतो तर मधुमेहाचे उदाहरण दिले असते. साखर आटोक्यात ठेवण्याविषयी उत्तम पुस्तक लिहिणाऱ्या माणसाची साखर पुढच्या वर्षी वाढली, तर पुस्तक खोटे ठरते का? नैराश्य पुष्कळांच्या बाबतीत परत येते. ते परत आले म्हणजे आधीची वाटचाल वाया गेली असे होत नाही. ज्याने आपल्याला हसवले आणि मग आपले दुखणे सांगितले, त्याच्याकडून आता आपण सदैव बरे असण्याची मागणी करायची, हा त्याच्यावर अन्यायच. त्याला आपण ठाऊक नाही. त्याने आपल्याला काही वचन दिलेले नाही.

हाच न्याय घरातल्या माणसालाही लावावा लागतो. उपचार सुरू झाले की आठ दिवसांत आपण विचारू लागतो, "आता बरं वाटतंय ना?" हा प्रश्न काळजीपोटी येतो, पण ऐकणाऱ्याला तो परीक्षेसारखा वाटतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'कासव' हा चित्रपट आपण पाहिला नसेल तर अवश्य पाहावा. त्यातली जानकी त्या खचलेल्या मुलाला घरी आणते आणि त्याचे नावगाव, कारण, काहीच खोदून विचारत नाही. जेवण ठेवते, जवळपास असते. सुश्रूषा करणाऱ्या माझ्या वाचकांना त्यातून बरेच काही मिळेल.

आता साताऱ्याच्या आजींना. आपण ते पुस्तक कपाटात ठेवू नका. मुलाने ते लपवलेले नाही, उशाशी ठेवले आहे, म्हणजे आपल्याला दिसेल अशा जागी ठेवले आहे. चष्मा लावून त्याची चार पाने वाचून पाहा. इंग्रजी अडले तर उत्तमच. नातवालाच अर्थ विचारा. "तुला काय झालंय?" असे एकदम विचारू नका. "यात तुला कुठलं पान आवडलं?" असे विचारा आणि मग गप्प राहण्याची तयारी ठेवा. गप्प राहणे आपल्या पिढीला जमत नाही, हे मी स्वानुभवाने सांगतो.

मात्र काही गोष्टींत गप्प राहू नका. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप किंवा भूक बिघडलेली असेल, आवडत्या गोष्टींतून मन उडाले असेल, अभ्यास आणि रोजची कामे होईनाशी झाली असतील, तर पुस्तक पुरेसे नाही. डॉक्टरांकडे न्यायला हवे. मुलगा "मी नसतो तर बरं झालं असतं" अशा अर्थाचे काही बोलला, आपल्या वस्तू वाटून टाकू लागला, निरवानिरवीची भाषा करू लागला, तर त्याला सरळ विचारा की जीव देण्याचा विचार मनात येतो का. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट विचारणारे कोणी तरी आहे, हे त्याला कळते. तो हो म्हणाला तर त्याला एकटे सोडू नका, गोळ्या आणि कीटकनाशके हाताशी राहतील अशी ठेवू नका आणि त्याच दिवशी मदत मिळवा. केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. चोवीस तास, विनामूल्य, आणि मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक नातवासाठी जसा आहे, तसा आपल्यासाठीही आहे. सुश्रूषा करणाऱ्याने फोन करू नये असा काही नियम नाही. आणि कोणी औषध घेत असेल तर पुस्तक वाचून बरे वाटू लागले म्हणून ते आपल्या मनाने बंद करू नये. कमी कसे करायचे ते डॉक्टरच ठरवतील.

एवढे मी आजींना खासगी पत्राने कळवले होते. अंक छपाईला जाण्यापूर्वी त्यांचे उत्तर आले. पान विचारण्याची युक्ती पहिल्या दिवशी साधली नाही. नातू "असंच" म्हणाला आणि फोनकडे वळला. तिसऱ्या दिवशी रात्री त्याने आपण होऊन पुस्तक आणून त्यांच्या पलंगावर बसून एक पान वाचून दाखवले. दुसरे सत्र सुरू झाल्यापासून तो वर्गात जातच नव्हता, हे त्या रात्री कळले. जीव देण्याविषयी त्यांनी विचारले; तसे नाही म्हणाला, आणि मग बराच वेळ रडला. येत्या गुरुवारी ते दोघे जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जाणार आहेत. आजींनी आता एवढेच विचारले आहे की डॉक्टरांच्या खोलीत त्यांनी त्याच्याबरोबर आत जावे की बाहेर थांबावे.

आजी, ते त्यालाच विचारा. तो एकटा आत जातो म्हणाला तर बाहेरच्या बाकावर बसा, आणि बरोबर डबा न्या. बाह्यरुग्ण विभागात फार वेळ लागतो.